युट्रेख्तचे रिटवेल्ड-श्रोडर घर: तासाभराच्या भेटीत काय पाहावे?

उंबरठा यांचा प्रश्न

नमस्कार. येत्या सप्टेंबरात मी, माझे यजमान आणि माझी आई असे तिघे नेदरलँड्सला जात आहोत आणि त्यातला एक दिवस युट्रेख्तसाठी राखून ठेवावा असे माझ्या मनात आहे. कारण एकच, ते म्हणजे प्रिन्स हेन्ड्रिकलान या रस्त्याच्या टोकाला गेरिट रिटवेल्ड या डच वास्तुरचनाकाराने १९२४ साली बांधलेले रिटवेल्ड-श्रोडर घर. मी शाळेत चित्रकला शिकवते. डच चित्रकार मोंद्रियानची चित्रे मुलांना दाखवताना दर वर्षी या घराचाही फोटो दाखवते आणि चित्रातले रंग आणि रेषा उठून उभ्या राहिल्या की असे घर होते, असे सांगते. हे सांगणे कितपत बरोबर आहे अशी शंका अलीकडे मला येऊ लागली आहे. ज्या घराबद्दल इतकी वर्षे वर्गात बोलत आले, ते एकदा डोळ्यांनी पाहावे अशी मनापासून इच्छा आहे.

अडचण अशी, की यजमानांच्या मते एवढ्याशा घरासाठी एक दिवस खर्ची घालणे योग्य नाही. बाहेरून पाहून पुढे जावे. आईला पाहण्याची हौस आहे, पण तिचे गुडघे दुखतात. मी स्वतः वास्तुकलेचे शिक्षण घेतलेले नाही, त्यामुळे आत गेल्यावर नेमके कशाकडे लक्ष द्यावे हे मला कळेल की नाही याचीही धास्ती वाटते. ज्यांनी हे घर प्रत्यक्ष पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे, की आत जाण्याने असे काय मिळते जे फोटोतून मिळत नाही?

पायवाट यांचे उत्तर

आपण अवश्य जावे, आणि आतही जावे. मी हे घर दोनदा पाहिले आहे. पहिल्या वेळी तिकीट न काढता गेलो आणि कुंपणाबाहेरून पाहून परत आलो, त्यामुळे बाहेरून पाहणे आणि आतून पाहणे यांतला फरक मला चांगला ठाऊक आहे. घराची व्यवस्था युट्रेख्तच्या सेंट्राल म्युझियमकडे आहे. एका वेळी मोजक्याच माणसांना आत सोडतात आणि तिकिटावर प्रवेशाची वेळ छापलेली असते, म्हणून प्रवासाची तारीख ठरताच तिकिटे काढून ठेवावीत आणि सोमवार टाळावा. आत जाताना बुटांवर चढवायची आवरणे देतात, ऐकत ऐकत फिरण्यासाठी श्राव्य मार्गदर्शक देतात, आणि वरच्या मजल्यावर तिथले कर्मचारी भिंती सरकवून दाखवतात. ॲमस्टरडॅमहून युट्रेख्तला रेल्वेने साधारण अर्धा तास लागतो. घर शहराच्या पूर्वेकडच्या कडेला आहे, स्टेशनपासून पायी जाण्यासाठी थोडे लांब पडते, पण बसने किंवा सायकलने सहज पोहोचता येते.

आईंच्या गुडघ्यांबद्दल स्पष्टच सांगतो. जिना अरुंद आहे, वळणाचा आहे आणि चढाला उभा आहे. लिफ्ट नाही. खालच्या मजल्यावर स्वयंपाकघर, वाचनाची खोली आणि रिटवेल्ड यांची कामाची खोली पाहता येते, परंतु या घराचे सगळे मर्म वरच्या मजल्यावर आहे. त्या सावकाश, कठड्याला धरून एकदा चढू शकत असतील तर जरूर न्यावे. ते शक्य नसेल तर तिकीट काढण्यापूर्वी म्युझियमला लिहून विचारलेले चांगले.

आता पाहण्याविषयी. दिलेल्या वेळेच्या वीस मिनिटे आधी पोहोचा आणि घराकडे पाहण्याआधी त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहा. हे घर एकटे, मोकळ्या जागेत उभे नाही. साध्या विटांच्या, उतरत्या छपरांच्या घरांची एक ओळ त्या रस्त्याने येते आणि त्या ओळीच्या शेवटच्या भिंतीला टेकून हे घर उभे आहे. फोटो काढणारे बहुतेक लोक ही जुनी भिंत चौकटीबाहेर ठेवतात. दोन्ही एकत्र पाहिल्याखेरीज १९२४ साली त्या रस्त्याने जाणाऱ्या माणसाला काय वाटले असेल, याची कल्पना येणे कठीण आहे. शेजारच्या घराला दर्शनी भिंत आहे आणि तिच्यात खिडक्यांसाठी भोके पाडलेली आहेत. या घराला तशी एक दर्शनी भिंतच नाही. पांढरे आणि राखाडी पत्रे एकमेकांच्या पुढेमागे उभे करावेत तसे ते दिसते, आणि आत कुठे संपते व बाहेर कुठे सुरू होते हे चटकन सांगता येत नाही.

दिवस राखून ठेवणारच असाल तर सकाळी सेंट्राल म्युझियम पाहा. रिटवेल्ड यांच्या वस्तूंचा जगातला सर्वांत मोठा संग्रह तिथे आहे. त्यांची लाल-निळी खुर्ची आधी नीट पाहिली, तर दुपारी घर समजणे पुष्कळ सोपे जाते. यजमानांनाही दिवस वाया गेला असे वाटणार नाही.

रंधा यांचे उत्तर

पायवाट यांनी खुर्ची आधी पाहा असे सांगितले ते अगदी योग्य आहे. मी लाकडी फर्निचर बनवण्याच्या व्यवसायात आहे, म्हणून त्याचे कारण माझ्या बाजूने सांगतो.

गेरिट रिटवेल्ड यांचा जन्म १८८८ साली युट्रेख्तमध्येच झाला. वडील सुतार, आणि मुलगा अकरा-बारा वर्षांचा असतानाच शाळा सोडून त्यांच्या हाताखाली कामाला लागला. हे घर त्यांनी बांधले तेव्हा स्वतंत्र, संपूर्ण असे घर त्यांनी पूर्वी बांधलेले नव्हते. हाताला सवय होती ती लाकडाची आणि सांध्यांची. त्यांची प्रसिद्ध लाल-निळी खुर्ची जवळून पाहा. सुताराला शिकवतात की दोन लाकडे जिथे भेटतात तिथे खाच आणि कुसू करून ती एकमेकांत बसवावीत आणि टोके कापून सपाट करावीत. या खुर्चीत बीच लाकडाच्या तीन पट्ट्या एका ठिकाणी येतात, एकमेकींना फक्त स्पर्श करतात आणि आपापल्या दिशेने थोड्या पुढे निघून जातात. आतून लाकडी खुंट्यांनी त्या धरून ठेवल्या आहेत, पण डोळ्यांना एकही लाकूड दुसऱ्याच्या पोटात शिरलेले दिसत नाही. प्रत्येक पट्टी स्वतंत्र राहते आणि तरीही खुर्ची भार पेलते. पाठ आणि बैठक म्हणजे प्लायवुडच्या दोन फळ्या. मूळ खुर्ची १९१८ च्या सुमाराची आहे आणि तिला रंग नव्हते. लाल, निळा, पिवळा हे रंग नंतर, १९२३ च्या आसपास चढले.

आता घरासमोर उभे राहा आणि बाल्कनीचा कोपरा पाहा. आडवी पाटी, तिच्या शेजारून वर गेलेला लोखंडी खांब, मागची उभी भिंत, कठड्याच्या नळ्या. तीच गोष्ट आहे. प्रत्येक भाग दुसऱ्याला स्पर्श करून पुढे निघून जातो. म्हणूनच आपण वर्गात जे सांगता त्यात एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. रिटवेल्ड १९१९ पासून डे स्टाइल या डच कलावंतांच्या गटाशी जोडलेले होते आणि मोंद्रियानही त्याच गटातले, त्यामुळे दोघांच्या रंगांत नाते आहे हे निर्विवाद आहे. परंतु मोंद्रियान त्या काळात पॅरिसला राहत होते आणि या घराच्या आराखड्यात त्यांचा हात नव्हता. शिवाय मोंद्रियानच्या चित्रात रंग चौकटीत भरलेला असतो आणि काळी रेषा त्याला अडवते. या घराचे मोठे पृष्ठभाग पांढरे आहेत, किंवा राखाडीच्या कमीअधिक गडद छटांचे आहेत. लाल, निळा, पिवळा येतो तो मुख्यतः बारीक गोष्टींवर, म्हणजे खांब, चौकटी, कठडे यांच्यावर. त्या रंगाचे काम वेगळे आहे. कोणता भाग कुठे संपतो, कोण कोणाच्या पुढे आहे, हे तो दाखवून देतो. राखाडी छटासुद्धा याच हिशेबाने लावल्या आहेत. हे घर चित्रातून उठून उभे राहिले असे म्हणण्यापेक्षा खुर्चीतून वाढत गेले असे म्हणणे मला सत्याच्या जवळचे वाटते.

आणखी एक गोष्ट, जी पाहणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. हे घर काँक्रीटचे असावे असे कोणालाही वाटते. प्रत्यक्षात पाया आणि बाल्कन्यांच्या पाट्या सोडल्या तर भिंती विटांच्या असून त्यांवर गिलावा आहे, मजल्याच्या तुळया लाकडी आहेत, आणि जिथे ओझे जास्त तिथे लोखंडाचा आधार दिला आहे. संपूर्ण काँक्रीट इतक्या लहान कामाला परवडण्यासारखे नव्हते. त्यात कमीपणा आहे असे मी मुळीच मानत नाही. शेजारच्या घरांत वापरले तेच सामान घेऊन इतके वेगळे घर उभे राहू शकले, यात कारागिराची बुद्धी दिसते.

आत गेल्यावर वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्याच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहा. जेवणाच्या टेबलाजवळची ती खिडकी. कोणत्याही घराच्या कोपऱ्यात खांब किंवा भिंत असते, कारण छताचे ओझे तिथे खाली उतरते. इथे कोपऱ्यात काहीही नाही. दोन बाजूंच्या दोन खिडक्या काटकोनात येऊन एकमेकींना भेटतात आणि दोन्ही उघडल्या की घराचा कोपराच नाहीसा होतो. मी ते पाहिले तेव्हा क्षणभर हात आपोआप टेबलाच्या कडेकडे गेला, इतके ते मोकळे वाटते. खिडक्यांना उघडण्याची शिस्तही घालून दिलेली आहे. त्या भिंतीशी काटकोनातच उघड्या राहतात, अर्धवट तिरक्या नाहीत, म्हणजे उघडी खिडकीसुद्धा घराच्या उभ्या-आडव्या रचनेतच राहते. बिजागऱ्या आणि अडसर जवळून पाहायला विसरू नका.

उंबरठा

आपणा दोघांचेही आभार. खुर्चीच्या सांध्यावरून घराकडे येण्याचा रस्ता मला कधी सुचलाच नव्हता. पुढच्या वेळी वर्गात फोटो दाखवण्याआधी मी मुलांना तीन पट्ट्या एकमेकींत न घुसवता जोडायला सांगणार आहे.

एक शंका मात्र राहिली. सरकत्या भिंतींबद्दल पुष्कळ वाचले, पण त्यांची गरज कोणाला आणि कशासाठी होती हे नीट कुठे सापडत नाही. शिवाय घराचे नाव जोडनाव आहे. श्रोडर या केवळ घरमालकीण होत्या, की त्याहून अधिक?

ओसरी यांचे उत्तर

आपण विचारलेत ते फार बरे झाले, कारण वरच्या चर्चेत आतापर्यंत फक्त सुताराचे घर आले आहे आणि त्यात राहणारी बाई राहून गेली आहे.

त्रूस श्रोडर यांचा जन्म १८८९ चा. पती फ्रिट्स श्रोडर वकील होते. मुलांना कसे वाढवावे याविषयी नवरा-बायकोत गंभीर मतभेद होते. १९२१ साली त्यांच्या पूर्वीच्या मोठ्या घरात रिटवेल्ड यांनी श्रोडरबाईंसाठी त्यांची स्वतःची अशी एक खोली तयार करून दिली. दोघांच्या एकत्र कामाची सुरुवात तिथली. १९२३ साली पती वारले आणि तीन मुलांना घेऊन बाईंनी लहान घरात राहायचे ठरवले. आधी त्या भाड्याचे घर शोधत होत्या, मग नवेच बांधावे असे ठरले. मुलांनी मोठ्यांच्या सहवासात वाढावे, घरी येणाऱ्या माणसांची बोलणी त्यांच्या कानांवर पडावीत, आईपासून ती दूर कुठल्या खोलीत कोंडली जाऊ नयेत, असे त्यांना वाटत होते. वरच्या मजल्यावर कायमच्या भिंती नकोत ही मागणी त्यांची होती, असे त्यांनी स्वतः पुढे सांगितले आहे. प्रत्येक खोलीत पलंग किमान दोन जागी ठेवता यावा, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची सोय असावी, बाहेर उघडणारे दार असावे, हेही त्यांनीच ठरवून दिले होते. आपण घराचा नकाशा पाहाल तेव्हा या अटी डोळ्यांपुढे ठेवा. एकटीने तीन मुले वाढवायला निघालेल्या आईने केलेला तो विचार आहे. त्यामुळे त्या घरमालकीण होत्याच, पण माझ्या मते घराच्या सहकर्त्याही होत्या. अनेक वर्षे पुस्तकांतून एकट्या रिटवेल्ड यांचे नाव छापले गेले ही मोठी चूक होती आणि ती आता कुठे दुरुस्त होत आहे. त्यांची धाकटी मुलगी हान पुढे वास्तुरचनाकार झाली, हे मुलांना सांगायला विसरू नका.

आता भिंतींविषयी. दिवसा वरचा मजला म्हणजे एकच मोठी जागा असते. मधोमध जिना वर येतो, जिन्यावर छताला काचेचा झरोका आहे आणि तिथून पडणारा उजेड सगळीकडे पसरतो. फरशीवर लाल, काळे, पांढरे, राखाडी पट्टे आहेत. रात्र झाली की पडद्या, म्हणजे त्या सरकत्या भिंती, एकेक करून ओढायच्या, म्हणजे मुलींची खोली, मुलाची खोली आणि बसण्याची जागा वेगळी होते. आम्ही गेलो होतो तेव्हा तिथल्या मार्गदर्शक बाईंनी पहिली पडदी रुळावरून ओढली. ती थांबली की दुसरी. प्रत्येक पडदी बसताना एक ठोस आवाज होत होता आणि त्यासरशी झरोक्यातला उजेड आमच्या पायांवरून कमी होत गेला. शेवटची पडदी बसली तेव्हा आम्ही आठ-दहा माणसे एका लहानशा झोपायच्या खोलीत एकमेकांना खेटून उभी होतो. एका मिनिटापूर्वी ज्या जागेतून आम्ही बाहेरची झाडे पाहत होतो तीच ही जागा, यावर विश्वास बसेना. फोटोतून काय मिळत नाही असे आपण विचारले होते. हे मिळत नाही. फोटोत घर नेहमी एकतर उघडे असते किंवा मिटलेले, आणि हे घर ज्या गोष्टीसाठी बांधले ती गोष्ट या दोन्हींच्या मधली आहे.

गंमत अशी, की नियमांप्रमाणे हा मजला मजला नव्हताच. बिनभिंतींची राहती जागा बांधकाम परवानगीत बसली नसती, म्हणून अर्जाच्या नकाशात तो माळा म्हणून दाखवला गेला. खालचा मजला म्हणूनच पुष्कळसा नेहमीसारख्या खोल्यांचा आहे. तिथेही पुढच्या दाराजवळची बोलनळी जरूर पाहा. वरच्या माणसाला खाली न येता दारातल्या माणसाशी बोलता यावे म्हणून ती बसवली आहे. स्वयंपाकघरातून जेवण वर पाठवण्यासाठी लहानशी लिफ्टही आहे. वर जेवायचे आणि खाली रांधायचे, हा पेच अशा रीतीने सोडवला आहे.

श्रोडरबाई या घरात १९८५ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे साठ वर्षे राहिल्या. रिटवेल्ड यांची पत्नी वारल्यानंतर तेही इथे राहायला आले आणि १९६४ साली याच घरात त्यांचे निधन झाले. इतक्या वर्षांत घरात बदल होत गेले, ते साहजिकच होते. बाईंच्या पश्चात आतल्या भागाचे जे मोठे काम झाले, ते पूर्वी रिटवेल्ड यांच्याबरोबर काम केलेल्या बेर्टुस मुल्डर यांच्या देखरेखीखाली झाले आणि घर त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या रूपात परत आणले गेले. १९८७ पासून ते लोकांसाठी खुले आहे आणि २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. जीर्णोद्धार अतिशय काळजीने केला आहे यात संशय नाही. तरीही मला एक हुरहुर वाटते. एका बाईने साठ वर्षे ज्या घराशी जुळवून घेतले आणि ज्या घराला आपल्याशी जुळवून घ्यायला लावले, त्या जगण्याच्या खुणा पुसून पहिल्या दिवसाची कोरी वास्तू आपल्यापुढे ठेवलेली आहे. घर बदलता यावे म्हणूनच तर ते तसे बांधले होते. यावर रंधा यांचे मत वेगळे असू शकेल.

रंधा

थोडेसे वेगळे आहे. काही नंतरचे बदल ठेवले असते तर कोपऱ्याच्या खिडकीचा आणि पडद्यांचा मूळ हिशेब आज आपल्याला इतका स्वच्छ दिसला नसता, आणि शिकणाऱ्यांना तोच आधी दिसायला हवा. पण बाईंच्या वापराच्या खुणांबद्दल आपण म्हणता ती हुरहुर मला कळते. जुने टेबल नव्याने रंधून काढताना माझाही हात दर वेळी थांबतो.

उंबरठा

मी आत्ताच तीन तिकिटे काढली. आईने वर चढायचेच असे ठरवले आहे. एक शेवटचे विचारते. खिडकीबाहेर आता मोठा रस्ता दिसतो असे वाचले. त्यामुळे विरस होतो का?

पायवाट

रस्ता दिसतो हे खरे आहे. घर बांधले तेव्हा ते शहराच्या अगदी टोकाला होते आणि त्या खिडकीतून मोकळी, सपाट शेतजमीन दिसत असे. समोरची जमीन आपल्या डोळ्यांदेखत भलत्याच्या हाती जाऊ नये म्हणून श्रोडरबाईंनी ती मिळवली, आणि १९३० च्या सुमारास रिटवेल्ड यांच्यासह त्यांनी तिथे एरास्मुसलानवर नव्या पद्धतीच्या घरांची ओळ उभी केली. ती आजही उभी आहे, घर पाहून झाल्यावर पलीकडे जाऊन जरूर पाहा. नंतर १९६० च्या दशकात उंचावरून जाणारा वाहनांचा रस्ता घराच्या अगदी जवळून गेला. रिटवेल्ड यांना त्याचे इतके दुःख झाले की आता हे घर पाडून टाकावे असे त्यांना वाटू लागले होते. मला विरस झाला नाही, पण वाईट वाटले. आपण खिडकीपाशी उभ्या राहाल तेव्हा उजेडाकडे तोंड करून आधी फक्त जवळचे, म्हणजे टेबल, चौकट आणि खिडकीची उघडी पाने पाहा आणि मग बाहेर पाहा.

खिडकी उघडून दाखवणे हवामानावर अवलंबून असते. वारा किंवा पाऊस नसेल तर आत शिरताच मार्गदर्शकांना तसे विचारून ठेवा. आम्ही विचारले, म्हणूनच त्यांनी ती उघडली.